परतीचा माल

अमरावती रोडवर आठव्या मैलाच्या आसपास रात्री फेरी मारली, की गोदामांसमोर ओळीने ट्रक उभे दिसतात. माल उतरून झालेला असतो, हमाल हातपाय धूत असतात, तरी ड्रायव्हर निघत नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन तो एकच गोष्ट विचारतो, ‘वापसीचं काय आहे?’ रिकामी गाडी परत नेणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. परतीचा माल मिळाला तरच फेरी पुरी झाली, हे आमच्या वाडी गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विचार ‘वापसी’ या एका शब्दावरून सुरू झाला.

दसरा झाला आणि घरोघर झाडझूड निघाली. आमच्या सज्ज्यावरून एक बारा वर्षांचा संगणक खाली आला. त्याच्यामागून फुगीर काचेचा त्याहून जुना मॉनिटर, तीन मुके मोबाइल आणि चार्जरच्या वायरींचा गुंता. या वस्तू घरात आल्या तेव्हा आपण त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. त्या परत कुठे जाणार, हे मात्र तेव्हा कुणीच विचारलं नव्हतं.

गल्लीत ‘भंगाऽर’ अशी हाक आली होती. सगळं वजनावर देऊन मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. पण आधी संगणकाचा डबा घेऊन बर्डीच्या बाजारात गेलो. मोदी नंबर तीनच्या गल्लीतल्या एका लहानशा दुकानात विशीतल्या पोराने चार स्क्रू काढले, ब्लोअरने धूळ उडवली आणि रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या काठावरच्या सोनेरी दातांवर त्याने शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, पट्टी परत बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. ‘काका, मशीन खराब नाही झाली जी. डिस्क तेवढी बदलून घ्या.’ त्याने जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि तिच्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली. आज त्याच संगणकावर शेजारची मुलगी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते.

हे सविस्तर सांगण्याला कारण आहे. ऐन दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार थांबला. नवी प्रणाली चालत नाही म्हणून असंख्य धडधाकट संगणक आता ‘जुने’ ठरतील. ते मोडलेले नाहीत. त्यातल्या कितीतरी संगणकांचं आयुष्य एक एसएसडी, रॅमची एखादी पट्टी आणि लिनक्स यांवर आणखी काही वर्षं वाढू शकतं. वस्तू वितळवण्याआधी ती वापरात ठेवणं, हाच शहाणपणाचा पहिला नियम आहे.

मॉनिटर आणि मोबाइल मात्र सुधारण्यापलीकडे गेले होते. खरा प्रश्न अशाच वस्तूंचा असतो. पोराने खोडरबराने पुसलेले ते दात सोनेरी दिसतात, कारण त्यांच्यावर खऱ्या सोन्याचा पातळ मुलामा असतो. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं जपानने लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल-संगणकांतून काढलेल्या धातूंची घडवली, आणि त्यातून निघालेलं सोनं ३२ किलो होतं. तेच सोनं उघड्यावर काढायला गेलं, की सर्किट बोर्ड तेजाबात बुडवले जातात आणि उरलेलं तेजाब नालीत जातं. तांब्यासाठी वायरी पेटवल्या जातात. त्या काळ्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात. फुगीर मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, बॅटरीला छिद्र पडलं तर ती पेट घेऊ शकते. हे सारं ज्यांच्या हातून होतं, त्या हातांत मोजेही नसतात.

पण दोष कबाडीवाल्याचा नाही. दारोदार जाऊन वस्तू गोळा करणारी साखळी आज त्याच्याचकडे आहे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घडली. गोळा करणाऱ्याला ओळखपत्र, मान आणि योग्य दाम मिळाला, तर तोच माणूस या कामाचा कणा होतो. त्याला वगळून नव्हे, त्याला सोबत घेऊन ही परतीची वाट बांधावी लागेल.

कायदाही तेच परतीचं सूत्र सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या इ-कचरा नियमांत १०६ प्रकारची उपकरणं येतात आणि त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्याने माल पाठवला, त्यानेच परतीची सोय लावायची. तरीही २०२२ साली जगात निघालेल्या ६ कोटी २० लाख टन इ-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. वाडीच्या भाषेत सांगायचं तर तो सगळा कचरा ४० टनी साडेपंधरा लाख ट्रकांत भरेल आणि एकामागे एक लावलेले ते ट्रक विषुववृत्ताला वेढा घालतील.

म्हणून वाचकांना तीन विनंत्या. चालू शकणारी वस्तू आधी दुरुस्त करा आणि शाळेला, वाचनालयाला, शिकणाऱ्या मुलाला द्या. देण्यापूर्वी आपली माहिती नीट पुसा. नुसतं डिलीट केल्याने ती जात नाही. जे खरोखर मेलं आहे ते फोडू नका, जाळू नका. नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच पोचवा. एका घराने हे जमत नसेल तर गल्लीने मिळून करावं. आणि वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्या बांधवांनो, रिकाम्या परतणाऱ्या तुमच्या गाडीतला एक कोपरा या कामाला मिळाला, तर साऱ्या विदर्भाला वाट दाखवण्याची ताकद या गावात आहे.

या अंकात कथा-कविता नेहमीप्रमाणे आहेतच. सोबत ‘दुरुस्ती’ हा विशेष विभाग आहे. घड्याळ, शिलाई मशीन आणि रेडिओ जिवंत ठेवणाऱ्या हातांवर आमच्या लेखकांनी मनापासून लिहिलं आहे.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या फड्याला हळदकुंकू लावतो. तो फडा कचरा कुठवर नेतो, याचाही विचार यंदा करू या. माझा तो मॉनिटर अजून दाराशीच आहे. नोंदणीकृत ठिकाणी जाणारी गाडी मिळेपर्यंत तो तिथेच राहील. त्याची फेरी पुरी व्हायची आहे.



— संपादक