इंजिनाचा दम

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचे, हात फिरवता फिरवता कुठे सूज आहे, कुठे कातडे सोलले आहे ते पाहायचे, अशी ही रीत. तिच्यात भक्ती आहे, तशीच तपासणीही आहे. जाणता शेतकरी बैल चालता चालता बसला म्हणून लगेच तो म्हातारा झाला असे म्हणत नाही. आधी खूर पाहतो, खांदा पाहतो, दात पाहतो आणि मग बोलतो. घरातल्या जुन्या मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण बाजूला ठेवतो, हे यंदा पांढुर्ण्याला गेलो असता मला फार जवळून पाहावयास मिळाले.

आमच्या घरी साडेतीनशे सी. सी. ची बुलेट आहे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९७९ साली घेतली. संत्र्याच्या बागेत जाणे, सौसरचा बाजार, मुलताईकडच्या नातलगांची लग्नकार्ये, सारे त्याच गाडीवर झाले. १९९१ च्या पावसाळ्यात एका रात्री तिच्याच मागच्या सीटवर डॉक्टरांना बसवून अण्णांनी घरी आणले आणि पहाटे माझ्या पुतण्याचा जन्म झाला. अण्णा गेल्यावर गाडी दादांकडे आली. यंदा उन्हाळ्यापासून ती सुरू होण्यास त्रास देऊ लागली. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली जाई. मुलताईच्या बाजूची चढण लागली की दुसऱ्या गिअरवर यावे लागे. गावातल्या एका कारागिराने दोन किक मारल्या आणि निकाल दिला, "कॉम्प्रेशन गेलं. बोअर करा, पिस्टन टाका." खर्चाचा आकडा त्याने सांगितला तो दादांना झेपण्यासारखा नव्हता. शिवाय पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, तीही या हिवाळ्यात करायची होती. दादांनी ठरवले, पोळा झाला की गाडी भंगारात द्यायची. पुतण्याने मला फोनवर एवढेच सांगितले, "काका, बाबा गाडी विकायला निघाले आहेत. तुम्ही एकदा येऊन पाहाल का?"

नागपूरहून निघताना मी कॉम्प्रेशन गेज पिशवीत टाकले आणि पांढुर्ण्याची वाट धरली.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. बुलेटच्या सिलेंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. पिस्टन तळाशी असताना त्याच्या डोक्यावर सुमारे ४०९ घन सेंटिमीटर जागा असते. तो वर आला की तेवढाच पेट्रोल-हवेचा वायू ६३ घन सेंटिमीटरांत कोंबला जातो. जुन्या बुलेटचे दाबाचे प्रमाण साडेसहास एक आहे असे म्हणतात ते याच अर्थाने. हा वायू जितका घट्ट दाबला जाईल तितका त्याचा स्फोट जोमदार. दाब निसटला तर ठिणगी चांगली असूनही इंजिनात जोर येत नाही, जसा फुटक्या भात्याने विस्तव फुलत नाही.

आता हा दाब निसटण्याच्या वाटा किती? चार-स्ट्रोक इंजिनात मुख्यतः तीन: पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली, झडपांच्या म्हणजे व्हॉल्व्हच्या बैठकीतून बाहेर, आणि हेडच्या पॅकिंगमधून किंवा प्लगच्या आट्यांतून. बुलेटला चौथी एक खिडकी आहे, तिच्याकडे पुढे येतो. 'कॉम्प्रेशन गेलं' हे वाक्य म्हणजे 'ताप आला' म्हणण्यासारखे आहे. ताप हा रोग नव्हे; तो कशाने आला हे वैद्याने शोधायचे असते. बोअर-पिस्टनचा खर्च पहिल्या वाटेचा आहे. उरलेल्यांचा पुष्कळदा त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही होत नाही.

परीक्षेची पद्धत सोपी आहे, पण क्रम मोडू नये. इंजिन थोडे चालवून गरम करावे; गाडी सुरूच होत नसेल तर थंडच तपासावे, मात्र तशी टीप करून ठेवावी. पेट्रोलचा कॉक बंद करावा, इग्निशन बंद करावे, प्लग काढावा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, तिथे ठिणगी उडू देऊ नये. गेज त्या भोकात घट्ट बसवावे. बुलेटचा प्लग १४ मिलिमीटरचा, तर सीडी हंड्रेड, स्प्लेंडर यांचा १० मिलिमीटरचा असतो, म्हणून गेजबरोबर दोन्ही मापांची तोंडे असावीत. मग चोक उघडा ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरावा आणि काटा थांबेपर्यंत पाच-सात किक माराव्यात. अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून केलेली परीक्षा व्यर्थ. इंजिनाला श्वासच घेऊ दिला नाही तर ते दाबणार काय?

काटा कसा चढतो हेही पाहावे. पहिल्या किकेला कमी आणि प्रत्येक किकेला थोडाथोडा वर, असे असेल तर संशय रिंगांवर. पहिल्यापासूनच कमी आणि पुढेही तिथेच अडून राहिला तर संशय झडपांवर. आमच्या बुलेटचा काटा चार किलोवर गेला आणि तिथेच बसला. या जातीच्या इंजिनात सात किलोच्या आसपास तो जावयास हवा. दादा बाजूला उभे होते. म्हणाले, "पाहिलंस ना? तो काय खोटं बोलला?" कारागीर खोटे बोलला नव्हता. दाब खरोखरच गेला होता. प्रश्न एवढाच होता, की गेला कुठून?

दुसरी परीक्षा तेलाची. इंजिनचे तेल एक चहाचा चमचाभर प्लगच्या भोकातून आत सोडावे, दोन-तीन किक मारून ते पसरू द्यावे आणि पुन्हा गेज लावावे. तेल रिंगांच्या फटीत बसते आणि तेवढ्यापुरती ती बुजवते. आकडा चांगला उसळला तर रिंग किंवा सिलेंडर झिजले आहे. जागचा हलला नाही तर गळती वर, हेडमध्ये आहे. चमच्याच्या जागी वाटीभर तेल ओतू नये. ते वरची जागाच अडवते आणि दाब खोटा वाढवून दाखवते. आमचा काटा चारवरून सव्वाचारवर गेला, अधिक नाही. म्हणजे ज्या बोअरसाठी गाडी भंगारात निघाली होती, त्या बोअरचा यात दोष नव्हता.

तिसरी परीक्षा कानाची. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणावा, त्या वेळी दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक दाबून धरावा, नाहीतर हवेच्या जोराने पिस्टन खाली जाईल. मग प्लगच्या भोकातून पंपाने हवा भरावी आणि कान द्यावा. कार्बोरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर आत घेणारी झडप, सायलेन्सरमधून आली तर बाहेर टाकणारी झडप, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. हेडच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे आले तर पॅकिंग. पुतण्या पंप मारत होता. मी सायलेन्सरच्या तोंडाशी बसलो. फुसफुस स्पष्ट होती.

मग टॅपेटचे झाकण उघडले. टॅपेट फार घट्ट असेल तर गरम झाल्यावर झडप पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. असे फार दिवस चालले तर झडप जळतेही. बुलेटमध्ये, इंजिन थंड असताना आणि पिस्टन दाबाच्या फेरीत वर असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये, हे माप. दोन्ही पुशरॉड तसेच फिरत होते. मग सायलेन्सरमध्ये हवा कशी जाते?

येथे ती चौथी खिडकी आली. ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना डिकॉम्प्रेसर ठाऊक असतो. अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, डाव्या हाताशी असलेली छोटी कडी दाबून पिस्टन माथ्यापलीकडे किंचित सरकवायचा, कडी सोडायची आणि मग पूर्ण किक मारायची. ती कडी हेडमधली एक लहानशी झडप उघडते आणि दाब एक्झॉस्टच्या वाटेने सोडून देते. सोय म्हणून केलेली ही खिडकी नीट मिटली नाही तर तिच्यातून रात्रंदिवस दाब गळतो. तिच्या वायरला नेहमी थोडा ढिलेपणा असावा लागतो. आमच्या गाडीच्या वायरीला बोट लावून पाहिले. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. पुतण्याच्या तेव्हा लक्षात आले. मार्च महिन्यात जुनी वायर तुटली म्हणून त्यानेच नवी बसवली होती आणि घट्ट बसवली म्हणजे चांगली बसवली, अशी त्याची समजूत झाली होती.

वायर ढिली केली. काटा साडेसहावर गेला. झडप काढून पाहिली तेव्हा तिच्या बैठकीवर काजळी साचलेली आढळली. ती खरवडून, बारीक पेस्टने घासून बसवली. आता काटा साडेसातला लागला. खर्च काय झाला? एक डबी घासण्याची पेस्ट आणि अर्धा दिवस. पुतण्या मान खाली घालून उभा होता. दादा त्याला काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाले, "अण्णा असते तर त्यांनी आधी वायर पाहिली असती."

ही गोष्ट वाचून कोणी असे समजू नये, की प्रत्येक इंजिनाचा रोग वायरीतच असतो. त्याच संध्याकाळी शेजारच्या मुलाने आपली स्प्लेंडर आणली. तिला धूर होता, तेल संपत होते, आणि तेलाच्या चमच्याने तिचा काटा एकदम तीन किलोंनी उसळला. तिथे रिंगांचेच काम होते आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितले. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. एअर फिल्टर फाटलेला होता आणि बागांच्या वाटेवरची धूळ वर्षानुवर्षे थेट सिलेंडरमध्ये जात होती. अशा वेळी सिलेंडरचे माप घेतल्याशिवाय नुसत्या रिंगा बदलू नयेत. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा. नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलेंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजावी. ठोकळमानाने व्यासाच्या दर इंचास चार हजारांश इंच, हा जुना हिशेब. पुस्तकातले माप हाती असेल तर तेच खरे धरावे.

ज्यांच्या घरी राजदूत, येझदी किंवा आरएक्स हंड्रेड अजून जपून ठेवली आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. टू-स्ट्रोक इंजिनात अशा झडपा नसतात, म्हणून वरचा दाब कमी निघाला तर काजळीने चिकटलेल्या रिंगा, सिलेंडरची झीज किंवा हेडची गळती, एवढेच पाहायचे. परंतु त्या इंजिनांत पिस्टनखालच्या पोकळीतही दाब लागतो आणि तो क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलवर अवलंबून असतो. वर दाब उत्तम असूनही गाडी उठत नसेल तर सील पाहावे. क्लचच्या बाजूचे गेले तर इंजिन तेल ओढते आणि दाट धूर सोडते. मॅग्नेटोच्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा ओढते आणि फेरे उगाच चढतात. दोन्ही सील मिळून बोअर-पिस्टनहून कितीतरी स्वस्त.

एकूण तात्पर्य एवढेच, की इंजिन खोलण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारावेत: काटा कुठवर जातो, तेलाने चढतो का, आणि हवा कुठून निघते. पाने-पकडींचा खर्च त्यानंतर. कारागिरावर अविश्वास दाखवा असे मी म्हणत नाही; परंतु हे तीन आकडे कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवले तर त्याचेही काम सोपे होते.

पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर बुलेटच्या दिव्यालाही वहिनींनी कुंकू लावले. सकाळी दादांनी कपाटातून अण्णांची जुनी वही काढली होती. तिच्यात १९७९ पासूनचे तेलबदल, टायर, चेन, सारे तारखेनिशी लिहिलेले आहे. शेवटची नोंद अण्णांच्याच थरथरत्या अक्षरातली. त्याखालच्या ओळीवर दादांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले, 'दाब साडेसात किलो.' मग लेखणी पुतण्याच्या हातात देऊन म्हणाले, "वायर ढिली केली, हे तू लिही."