पातेल्यात कोण बघणार?

परवा भाचा धारणीला आला होता. पोरांच्या पोटाच्या विकारांत डी.एम. करतोय, मोठ्या शहरात. प्रबंधाचा विषय विचारला तर म्हणाला, "मामा, वॉर्डात येतात त्यांच्याच फायली काढायच्या अन् कोष्टकं करायची."

"आणि आपल्याकडची पोरं?"

"ती तिथवर पोचतच नाहीत ना!"

बरोब्बर! तीच तर माझी तक्रार आहे. इथून अमरावती दीडेकशे किलोमीटर, तेही घाटातून. जे पोर दवाखान्यात पोचत नाही ते फायलीत नाही, अन् जे फायलीत नाही त्याच्यावर संशोधन नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. लहानग्यांचं यकृत निकामी करणारा एक रोग आपल्या देशात होता, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. पुण्याच्या के.ई.एम.चे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर त्याच्या मागे लागले. यकृतात तांबं बेसुमार निघालं, हे प्रयोगशाळेनं सांगितलं. पण आलं कुठून? बाळाचं दूध घरी कशात तापवता, हे विचारलं तेव्हा कळलं. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यांत! 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. घरोघरची भांडी बदलली, आता तो रोग जवळपास दिसेनासा झालाय.

भाचा म्हणतो, धारणीत एंडोस्कोपी कुठाय? अरे बाबा, दुर्बीण आतडं दाखवते, पातेलं नाही. घाण पाण्यातून पुन्हापुन्हा जंतू गेले की लहान आतड्याचं अस्तर चपटं होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. मेळघाटातल्या कुपोषणात याचा वाटा किती, हे वॉर्डात बसून कसं कळणार? आणि इथे काम होत नाही असंही नाही. जवळच उतावलीला डॉ. आशिष सातवांच्या 'महान' संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून बालमृत्यूंवर अभ्यास केलाय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, तीन वर्षांतले सहा महिने या पोरांना इथे पाठवा. थोडी कोरकू शिकू द्या, पावसाळा बघू द्या, चुलीजवळ बसू द्या. प्रश्न इथे शोधा, तपासण्या खुशाल शहरात करा.

भाचा हसला. "मामा, परीक्षेत हे विचारत नाहीत."

विचारत नाहीत म्हणूनच तर लिहितोय. वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असेल, तर माझं कुठे चुकतंय ते जरूर सांगा.