हेरकथेतील नायिका आणि खानदेशचे विस्मरण

बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथांवर महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्या पोसल्या. जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांतील त्यांच्या प्रती हाताळून हाताळून जीर्ण झाल्या. त्या काळच्या साहसकथांतील स्त्री बहुधा नायकाने सोडवावी यासाठी संकटात सापडे, नाही तर त्याला भुलविण्यासाठी खलनायकाकडून पाठविली जाई. आज चित्र पालटले आहे. 'नाम शबाना' (2017), 'राझी' (2018) या चित्रपटांत हेर हीच नायिका आहे आणि तरुण मुली तिच्यावर लुब्ध आहेत.

या आकर्षणाचे मूळ तिच्या लाथाबुक्क्यांत आहे, असे आम्हांस वाटत नाही. समाज जिला घरकोंबडी समजून दुर्लक्षितो, तिलाच सारे ठाऊक असते, ही कल्पना मनाला भिडते. 'राझी'तील सेहमत शत्रूच्या घरात सून म्हणून वावरते. तिचे शस्त्र म्हणजे तिच्याकडे कोणाचे लक्ष नसणे. कौटिल्याने हे फार पूर्वी ओळखले होते. 'अर्थशास्त्रा'त त्याने हेरांच्या प्रकारांत निर्धन पण धीट अशा विधवा परिव्राजिकेची गणना केली आहे, कारण महामात्रांच्या घरांत तिला मज्जाव नसे. म्हणजे स्त्री-हेर ही पश्चिमेने आम्हांला दिलेली देणगी नव्हे.

तथापि 'एक था टायगर' (2012) या चित्रपटातील झोया आयएसआयची हस्तक असते आणि प्रेमापुढे दोन्ही देशांची कर्तव्ये क्षुद्र ठरतात. करमणूक म्हणून हे खपून जाते; पण हेराचे सारे तेज ज्या निष्ठेत असते तीच काढून घेतल्यावर उरते ती केवळ वेशभूषा.

ती निष्ठा पाहायची तर सातारा-सांगलीकडच्या प्रतिसरकारच्या इतिहासाकडे वळावे. क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याकडून मार खाणाऱ्या बाईचे सोंग वठविले. पोलीस भांडण सोडविण्यात गुंतले आणि सहकाऱ्यांनी आतील बंदुका लांबविल्या. नवरा झालेल्या साथीदाराने मारही खराच दिला, ही त्यांची तक्रार मात्र अखेरपर्यंत राहिली! पुढे गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत असलेल्या बाळ जोशी यांना त्या बहीण म्हणून भेटल्या, ते सुटकेच्या योजनेची चिठ्ठी अंबाड्यात दडवून. परतीच्या वाटेवर रात्रीच्या अंधारात मांडवी ओलांडली ती लाकडी पेटीच्या आधारे. 23 सप्टेंबर 2021 रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या पित्याची पुढील राजकीय वाट आमच्या वाटेहून अगदी भिन्न होती. पण म्हणून या धाडसाला वंदन करताना आमचा हात आखडत नाही.

याच प्रतिसरकारचा एक धागा खानदेशात येतो. अमळनेर तालुक्यातील डांगरीच्या लीलाताई उत्तमराव पाटील यांना 1942 च्या आंदोलनात दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. उपचारांसाठी त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात ठेवले असता तेथून त्या निसटल्या आणि भूमिगत झाल्या. त्यांचे पती डॉ. उत्तमराव पाटील हे 14 एप्रिल 1944 रोजी चिमठाणे येथे धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटणाऱ्या क्रांतिकारकांपैकी एक. पहाऱ्यातून पळालेली कैदी स्त्री, मागावर पोलीस, पती सशस्त्र लढ्यात, क्षणोक्षणी विश्वासघाताचे भय. कोणत्या रहस्यकथाकाराने याहून अधिक काय रचले असते?

आणि तरीही झोयाचे नाव जळगावच्या महाविद्यालयात कोणीही सांगेल, लीलाताईंचे किती जण सांगतील? हा दोष मुलामुलींचा नाही. त्यांना थरार हवा आहे, तो आम्ही त्यांना पुण्यतिथीच्या भाषणांतून देऊ पाहतो. हार, तसबीर, दोन मिनिटे स्तब्धता; त्यातून पळालेल्या कैद्याच्या छातीतील धडधड कशी ऐकू यावी? थोरवीच्या ओझ्याखाली आम्ही माणसे पुरून टाकतो. लीलाताईंना मखरात नव्हे, कादंबरीत बसवायला हवे. त्यांचे भय, चुका आणि युक्त्या यांसह.

ज्यांनी त्या काळाच्या हकिकती घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या, ते आज स्वतः वृद्ध झाले आहेत. आमच्या तरुण लेखकांपैकी कोणी या कामास सिद्ध होणार असेल, तर त्याला लंडन-पॅरिसची वाट धरावी लागणार नाही. अमळनेरहून डांगरी आणि धुळ्याहून चिमठाणे, दोन्ही प्रवास एसटीने होतात.