ओज, माधुर्य आणि ‘रॉक मशीन’

एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव माडीवर विजेची गिटार वाजवितात. सासरे संध्येला बसले कीं वरून धडधड सुरू होते, आणि घरांत रोजची कुरबूर. ह्या गोंगाटांत संगीत म्हणण्यासारखें कांहीं आहे काय, असें त्या विचारतात. आहे, आणि तें दाखविण्यास विलायतेस जाण्याचेंही कारण नाहीं.

मुंबईंत १९८४ सालीं ‘रॉक मशीन’ नांवाचा तरुणांचा एक वाद्यवृंद निघाला. गिटारवर महेश तिनईकर, खर्जाच्या गिटारवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, आणि पुढें गायक म्हणून उदय बेनेगल. त्या काळीं आपल्याकडील बहुतेक रॉक मंडळ्या परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला करीत, आणि महाविद्यालयांतील श्रोतेही तेंच मागत. ह्या मंडळींनीं स्वतः गाणीं रचलीं आणि १९८८ सालीं ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ ही ध्वनिफीत काढली. ‘रेनिगेड’ म्हणजे स्वपक्षत्यागी. ह्यांनीं सोडला तो पक्ष नकलाकारांचा, असें मी समजतों.

पीट टाउनशेंड ह्या इंग्रज गायकानें १९६७ सालीं आपल्या ‘द हू’ ह्या वृंदाच्या संगीतास ‘पॉवर पॉप’ असें नांव दिलें: गिटार व ढोल ह्यांचा जोर पुरा, पण चाल अशी सोपी व गोड कीं ऐकणारा दुसऱ्या खेपेस स्वतःच गुणगुणूं लागावा. काटेकोर वर्गीकरण करणारे ‘रेनिगेड’ला ‘हार्ड रॉक’च्या खणांत ठेवतील, त्यांच्याशीं मी वाद घालीत नाहीं. मला कुतूहल आहे तें निराळें. मम्मटानें काव्यप्रकाशांत ओज आणि माधुर्य हे दोन गुण वेगळाले मानिले. ओजानें चित्त विस्तारतें, पेट घेतें. तो वीर-रौद्रांचा धर्म. माधुर्यानें चित्त द्रवतें; तो शृंगार-करुणांचा. एकाच गाण्यांत वाद्यांनीं पेटवावें आणि चालीनें विरघळवावें, हा ह्या संगीताचा खटाटोप आहे. तो साधला कीं नाहीं, हें पाहणें हीच त्याची परीक्षा.

कानाला प्रारंभीं अडचण होते ती ठेक्याची. चार मात्रांच्या आवर्तनांत आपण पहिल्या मात्रेची, समेची, वाट पाहतों. तेथें कडक आघात येतो तो दुसरीवर व चौथीवर. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे निम्मा गोंगाट नाहींसा होतो. उरलेला निम्मा यंत्राचा आवाज बेतानें ठेवून जातो, आणि संध्येची वेळ टाळणें तर चिरंजीवांच्याच हातीं आहे.

स्वतःची निर्मिती करणाऱ्यास सुशिक्षितांनीं न ओळखणें हें आम्हां भंडाऱ्याकडील लोकांस नवें नाहीं. आमच्या झाडीपट्टींत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकें चालतात, दर हंगामांत नवीं लिहिलीं जातात, तिकिटें काढून हजारों माणसें पाहतात. तरी त्या रंगभूमीच्या परशुराम खुणे ह्यांस पद्मश्री मिळाली ती २०२३ सालीं. पण झाडीपट्टीस निदान गांव पाठीशीं आहे. ‘रॉक मशीन’नें भाषा इंग्रजी धरली, म्हणून सामान्य श्रोता सिनेमाच्या गाण्याकडेच राहिला. १९८८ सालीं घरोघरीं एकटें दूरदर्शन. अशा गाण्यास तेथें जागा किती असणार?

१९९० सालीं दुसरी ध्वनिफीत निघाली. १९९३ मध्यें त्यांनीं नांव बदलून ‘इंडस क्रीड’ केलें, आणि १९९५ सालीं त्याच नांवाची ध्वनिफीत आली. पण त्याच वर्षीं अलिशा चिनॉय ह्यांचें ‘मेड इन इंडिया’ घरोघर वाजूं लागलें. हिंदी पॉपची लाट आली, आणि १९९७ सालीं वृंद मोडला. भाषा त्यांनीं बदलावयास हवी होती काय? मला तसें वाटत नाहीं. ज्या भाषेंत गाणें सुचतें त्याच भाषेंत तें गावें. मात्र त्याचें मोलही त्यांस पुरतें द्यावें लागलें.

२०१० सालीं मंडळी पुन्हां एकत्र आली आणि २०१२ मध्यें ‘इव्हॉल्व्ह’ काढलें. ती रचना अधिक प्रौढ, अधिक गुंतागुंतीची आहे. भगिनींच्या चिरंजीवांस तीच अधिक रुचेल. सासऱ्यांस मात्र प्रथम १९८८ ची ऐकवावी.