पवनचक्कीची जुळी बहीण

गेल्या शनिवारी घरी, सोलापुरात होतो. संध्याकाळी नवी पेठेत चहा घेताना मामाने विचारलं, "सध्या काय काम चाललंय रे तुझं?"

"पवनचक्कीची जुळी बहीण बनवतोय. कॉम्प्युटरमध्ये!"

मामाचं आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं. म्हणाला, "मग खरी आजारी पडली की जुळीला कळतं का?"

प्रश्न बरोबर वर्मावर बसला.

डिजिटल ट्विन म्हणजे काय, तर खऱ्या यंत्राचं गणिती रूप. वाऱ्याचा वेग, तापमान, पात्यांचा कोन असे आकडे त्याला मिळत राहतात आणि ते सांगतं, आत्ता एवढी वीज यायला हवी. याची गरज का? वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग सेकंदाला ८ मीटरवरून ६ वर आला, की ताकद उरते जेमतेम ४२ टक्के! म्हणजे वीज घटली ती वारा पडला म्हणून की यंत्र बिघडलं म्हणून, हे नुसत्या मीटरवरून कळत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर तर बरीचशी कमाई पावसाळ्यातल्या वाऱ्यावर. जुलैत बेअरिंग गेलं की वर्षाचं गणित कोलमडतं.

इथपर्यंत सगळं छान. पण ट्विन शिकतो कशावरून? जुन्या आकड्यांवरून. त्या काळात चक्कीचं तोंड वाऱ्याला थोडं तिरकंच राहत असेल, तर ट्विन त्या दुखण्यालाच तब्येत समजतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार! कंपनीचा तक्ता वापरावा, तर तो बहुधा समुद्रसपाटीच्या हवेसाठी असतो. हजार मीटरवरच्या पठारावर हवा साधारण दहा टक्के विरळ. तिथे धडधाकट चक्कीही आजारी दिसेल.

मग चक्की खरंच ठणठणीत कधी होती, हे कोणाला माहीत? टॉवर चढणाऱ्या टेक्निशियनला. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, कुठल्या दिवशी आवाज वेगळा वाटला, हे त्याच्या वहीत असतं. आम्ही मात्र सेन्सरवर लाखो घालवतो आणि ती वही कोणी मागतसुद्धा नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ती वही ट्विनमध्ये गेली पाहिजे आणि ट्विनचा इशारा चुकीचा असेल तर "हे चूक आहे" म्हणायचं बटण त्या माणसाच्या हातात हवं. नाहीतर आपण फक्त महागडी रांगोळी काढतोय.

मामा म्हणाला, "मागाची खटखट बदलली की जॉबरला झोपेतही कळायचं."

सोमवारी मीटिंगमध्ये पहिली मागणी त्या वहीची करणार आहे. बघू, कोण हसतंय ते!