फुकटचे सूर
सारंगीचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून संगणकात साठवला, की पट्टीवर बोट ठेवताच ती वाजते. असे स्वरसंच विनामूल्य मिळावेत, अशी अपेक्षा अनेक संगीतकार बाळगतात. परंतु त्यातील प्रत्येक स्वर, प्रत्येक मींड कोणा वादकाने नखांच्या मुळाशी तार दाबून, गज ओढून वाजवलेली असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने कलावंताला त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापराबद्दल स्वामित्वधनाचा हक्क दिला. सुट्या स्वराला सादरीकरण म्हणावे काय, हा वाद वकिलांना पुरून उरेल. कुणी आपण होऊन दिले, तर विद्यार्थ्याने ते संकोच न करता घ्यावे. चित्रपटाला मोबदला घेऊन संगीत देणाऱ्याने मात्र ते फुकट मागणे अनुचित होय. एरवी ज्या सारंगियाला त्याने ध्वनिमुद्रणासाठी पाचारण केले असते, त्याचीच बिदागी तेथे वाचलेली असते.