'अनलेस'च्या पुढेही वाचा!

मागच्या महिन्यात वस्तीतल्या एक ताई इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. दहावीतल्या मुलाने ते वाचून सांगितले होते, "आई, यादीतून आपले नाव काढणार." माऊली रात्रभर झोपली नव्हती. पत्रात वाक्य होते : 'युवर नेम विल बी रिमूव्हड अनलेस यू सबमिट द प्रूफ विदिन 15 डेज.' म्हणजे 15 दिवसांत पुरावा दिला नाही, तरच नाव निघणार! मुलाने पहिला तुकडा वाचला आणि घाबरून पुढचा सोडला. मुदतीचे 4 दिवस शिल्लक होते. दुसऱ्याच दिवशी कागद देऊन पोच घेतली.

स्वतःचा कर्ता व क्रियापद असलेला वाक्याचा तुकडा म्हणजे 'क्लॉज'. एकटा उभा राहू शकतो तो मुख्य, म्हणजे मेन क्लॉज. दुसऱ्याच्या आधाराने उभा राहतो तो गौण, म्हणजे सबऑर्डिनेट क्लॉज. गौण क्लॉजचे प्रकार तीन :

1) नाऊन क्लॉज : नामाचे काम करतो. 'आय नो दॅट ही इज ऑनेस्ट.' काय माहीत आहे? याचे उत्तर 'दॅट'पासून पुढे. मराठीत येथे 'की' येतो.

2) ॲडजेक्टिव्ह क्लॉज : नामाविषयी माहिती देतो. 'द वर्कर्स हू साइन्ड विल गेट बोनस.' म्हणजे ज्यांनी सही केली त्यांनाच बोनस. 'हू साइन्ड'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिला, तर अर्थ होतो : सह्या सगळ्यांनी केल्या आणि बोनसही सगळ्यांना. सही करण्यापूर्वी स्वल्पविरामही पाहा!

3) ॲडव्हर्ब क्लॉज : केव्हा, का, कोणत्या अटीवर, हे सांगतो. व्हेन, बिकॉज, इफ, अनलेस, ऑलदो हे शब्द त्याची खूण.

दोन चुका मात्र टाळा. 'अनलेस'मध्ये 'नाही' आधीच आहे. त्याच अर्थाने पुन्हा 'नॉट' घालू नका. मराठीत 'जरी-तरी' ही जोडी लागते. इंग्रजीत 'ऑलदो' आला की पुढे 'बट' नको.

मुलांनो, इंग्रजी पत्र हाती आले की आधी कर्ता-क्रियापदांच्या जोड्या शोधा. जितक्या जोड्या, साधारण तितके क्लॉज. शेवटचा क्लॉज वाचल्याशिवाय आईला अर्थ सांगू नका. अट बहुधा तिथेच लपलेली असते.